पडद्यावरचे तोतये

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले आणि पुढे काही वर्षांतच 'भाऊ तो मीच' असे सांगणारा एक मनुष्य प्रकट झाला. त्याची चौकशी झाली, त्याचे सोंग उघडकीस आले, त्याला कैदेतही टाकण्यात आले. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून तो बाहेर पडताच कोकणातील काही किल्ले त्याच्या स्वाधीन झाले आणि हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. या प्रकरणात मला नवल वाटते ते तोतयाच्या धाडसाचे नव्हे. धाडसी लबाड सर्व काळी असतात. नवल वाटते ते त्याच्या स्वागतास सिद्ध असलेल्या लोकांचे. भाऊसाहेब परत यावेत असे महाराष्ट्रातील घराघराला मनापासून वाटत होते. ती आस तोतयाने निर्माण केलेली नव्हती. ती आधीच होती. त्याने फक्त तिचा उपयोग करून घेतला.

श्रोतेहो, आज ज्या तोतयांविषयी मी बोलणार आहे ते किल्ले जिंकीत नाहीत. ते आपल्या घरातील संगणकाच्या पडद्यावर प्रकट होतात आणि लोकांच्या आशेवर नव्हे तर भीतीवर जगतात. आपण एखाद्या वर्तमानपत्राचे, पाककृतीचे वा पंचांगाचे पान उघडून वाचीत बसलेले असतो. एकाएकी पडदा तांबडा होतो. मोठ्या अक्षरांत मजकूर येतो की, आपल्या संगणकात विषाणू शिरले आहेत, बँकेचे संकेतशब्द चोरीस जात आहेत, संगणक बंद करू नये. कधी भोंगा वाजू लागतो, कधी यंत्राच्या आवाजात कोणी बाई तीच सूचना पुनःपुन्हा ऐकविते. बाजूला एक पट्टी सरकत असते आणि सापडलेल्या विषाणूंची संख्या बघता बघता तीनवरून तीनशेवर जाते. खाली उपाय दिलेला असतोच. पूर्वी तो 'हा अँटीव्हायरस विकत घ्या' असा असे. अलीकडे बहुधा 'या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करा' असा असतो.

यातील एकही गोष्ट खरी नसते. इंटरनेटवरील साध्या पानाला आपल्या संगणकाच्या कपाटात डोकावून पाहण्याची मुभाच नसते. ती सरकणारी पट्टी म्हणजे नुसते चलच्चित्र, आणि विषाणूंची यादी कोणाही प्रेक्षकास सारखीच दाखविली जाते. याचा गमतीचा पुरावा अनेकांना आपोआप मिळाला आहे. ज्यांच्या घरी ॲपलचा मॅकिंटॉश संगणक होता त्यांनाही हे पान 'तुमच्या सी ड्राइव्हमध्ये विषाणू सापडले' असे सांगत असे. सी ड्राइव्ह ही विंडोज संगणकातील गोष्ट, मॅकिंटॉशमध्ये ती नसतेच. नसलेल्या खोलीत चोर शिरल्याची ही वर्दी झाली.

मग लोक विश्वास का ठेवतात? अडाणीपणामुळे, हे सोपे उत्तर झाले आणि ते चुकीचे आहे. फसलेल्यांत प्राध्यापक आहेत, वकील आहेत, हिशेबनीस आहेत. खरे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जाऊन, संगणकाविषयीची ही भीती मुळात कोणी आणि कशी रुजविली हे पाहिले पाहिजे.

घरगुती व कचेरीतील छोट्या संगणकांवर पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू १९८६ मधला. त्याचे नाव 'ब्रेन'. तो लिहिला लाहोरच्या बासित आणि अमजाद फारूक अल्वी या दोघा भावांनी. आपल्या प्रोग्रॅमच्या चोरट्या नकला होतात त्याला आळा बसावा एवढाच आपला हेतू होता असे ते पुढे सांगत आले. हा विषाणू लवचिक तबकडीच्या, म्हणजे फ्लॉपीच्या, पहिल्याच कप्प्यात जाऊन बसे. विशेष असे की, त्याच्या पोटात त्या भावांची नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेले होते, आणि शेवटी अशा अर्थाची सूचना होती की, या विषाणूपासून सावध राहा व लस हवी असल्यास आमच्याशी संपर्क साधा. नंतर परदेशांतून खरोखरच त्या दुकानी दूरध्वनी येऊ लागले. त्या भावांना मी तोतये म्हणणार नाही. त्यांनी आपले नाव लपविले नव्हते. पण रोगाची वर्दी आणि औषधाचा पत्ता एकाच चिठ्ठीत देण्याची रीत तेव्हापासूनची आहे, एवढे नमूद करून ठेवू.

आणखी एक योगायोग. लाहोरच्या दोघा भावांनी विषाणू लिहिला. पुढे १९९५ मध्ये पुण्यात दोघा भावांनीच विषाणूनाशक तयार करणारी कंपनी काढली. थोरले कैलास काटकर हे मूळचे गणकयंत्रे दुरुस्त करणारे कारागीर आणि धाकटे संजय काटकर हे प्रोग्रॅम लिहिणारे. त्यांचा 'क्विक हील' पुढे देशभरच्या दुकानांत दिसू लागला. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत विषाणू आढळत, तेव्हा आपणच त्यावर औषध का करू नये, या विचारातून तो धंदा उभा राहिला. खरे वैद्यही याच बाजारात होते आणि आहेत, हे विसरता कामा नये. तोतयाला सोंग घ्यावयास कोणीतरी खरा माणूस लागतोच.

खऱ्यांच्याही हातून भीतीला अवास्तव खतपाणी मिळाले, याचे ठळक उदाहरण १९९२ मधले आहे. 'मायकेल अँजेलो' नावाचा विषाणू ६ मार्च रोजी, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, संगणकातील सर्व मजकूर पुसून टाकणार होता. विषाणू खरा होता, तारीखही खरी होती. परंतु अमेरिकेतील वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी पन्नास लाखांपर्यंत संगणक निकामी होतील असे आकडे छापले, ऐकविले. हे आकडे बव्हंशी विषाणूनाशके विकणाऱ्यांकडूनच आलेले होते. ६ मार्च उजाडला. झळ पोहोचली ती काही हजार संगणकांना. मधल्या काळात दुकानांतील विषाणूनाशकांच्या पेट्या मात्र संपून गेल्या होत्या. कोणी खोटे बोलले असे सिद्ध झाले नाही. तरी सामान्य गिऱ्हाइकाच्या मनावर एक धडा कायमचा उमटला की, संगणकाविषयी इशारा मिळाला तर विचार करीत बसू नये, पैसे मोजून मोकळे व्हावे.

या धड्यावर पुढच्या दहा वर्षांत एक संपूर्ण धंदा उभा राहिला.

सुरुवातीचे प्रकार ओबडधोबड होते. विंडोजमध्ये त्या काळी 'मेसेंजर सर्व्हिस' नावाची सोय असे. कचेरीतील व्यवस्थापकाला सर्वांच्या पडद्यावर एकदम सूचना पाठविता यावी, म्हणून ती केलेली होती. शिपायाकरवी परिपत्रक फिरविण्याचा त्रास वाचावा असा तिचा हेतू. ही सोय घरगुती संगणकांवरही उघडीच राहिली आणि इंटरनेटवरून कोणीही परका मनुष्य तिच्यातून चिठ्ठी टाकू लागला. चिठ्ठी येई ती राखाडी रंगाच्या, संगणकाच्या स्वतःच्या वाटणाऱ्या चौकटीत. गिऱ्हाइकाला वाटे की, आपला संगणकच आपल्याशी बोलत आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने जानेवारी २००६ मध्ये 'स्पायवेअर क्लीनर' नावाचा माल अशा मार्गांनी विकणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातील एका कंपनीवर दावा लावला. त्या राज्याने २००५ मध्ये केलेल्या नव्या कायद्याखालचा तो पहिलाच दावा. फुकट तपासणी करून देतो म्हणावयाचे, निर्दोष संगणकातही दोष काढून दाखवावयाचे आणि ४९.९५ डॉलर घ्यावयाचे, असा तो व्यवहार होता. त्याच वर्षाच्या अखेरीस दहा लाख डॉलरांवर तडजोड झाली.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची मोठी सुधारणा प्रसिद्ध केली. तिने मेसेंजरचे हे दार बंद केले. पण त्याच सुधारणेने 'सिक्युरिटी सेंटर' नावाचे एक नवे दालन आणले. संगणकाच्या संरक्षणात काही उणे असले की कोपऱ्यात लहानशी ढाल दिसे आणि धोक्याचा रंग तांबडा असे. हेतू उत्तमच होता. परंतु सरकारी नोकरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला पुढे काय घडले ते सांगावे लागू नये. नवा शिक्का प्रचारात आला की त्याची नक्कल करणारे खोदकाम्याकडे त्याच आठवड्यात जातात. पुढच्या खोट्या चौकटींतून तीच ढाल, तोच तांबडा रंग आणि हुबेहूब तेच दालन दिसू लागले. ज्या खुणेवरून धोका ओळखावयास लोकांना शिकविले तीच खूण धोक्याने पांघरली.

या धंद्यातील सर्वांत मोठी पेढी म्हणजे 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग'. कंपनीची नोंदणी बेलीझ या मध्य अमेरिकेतील चिमुकल्या देशात, प्रत्यक्ष कचेरी युक्रेनच्या कीव्ह शहरात आणि तिला साह्य करणारी दुसरी कंपनी अमेरिकेतील ओहायो राज्यात. तिच्या मालाची नावे अनेक होती. विनफिक्सर, विनअँटीव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटीव्हायरस. एका नावाची बदनामी झाली की त्याच बाटलीवर दुसरी चिठ्ठी चिकटे. ही कंपनी चोरांच्या अड्ड्यासारखी नव्हती, तर कचेरीसारखी चालत असे. तिच्याकडे नोकरवर्ग होता, जाहिरातींचा विभाग होता आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी दूरध्वनीवर बसलेली माणसेही होती.

तिची जाहिरातींची युक्ती तपशिलाने सांगण्याजोगी आहे. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्या जाहिराती दिसतात त्या बहुधा त्या वर्तमानपत्राने स्वतः निवडलेल्या नसतात, मध्यस्थ कंपन्या त्या पुरवितात. इनोव्हेटिव्ह मार्केटिंगने या मध्यस्थांना सांगितले की, आपण अमुक नामांकित कंपनीच्या वा अमुक धर्मादाय संस्थेच्या वतीने जाहिरात देत आहो. जाहिरात निरुपद्रवी दिसे. तिच्यात एक छुपी आज्ञा मात्र असे. पाहणारा मनुष्य मध्यस्थाच्या कचेरीतला असेल तर साधी जाहिरात दाखवावी, घरातला साधा वाचक असेल तर त्याला ओढून खोट्या तपासणीच्या पानावर न्यावे. तपासनिसाने पाहिले तर दुकान स्वच्छ आणि गिऱ्हाईक आले की मागची खोली उघडी! तपासणीत विषाणू तर सापडतच, शिवाय कधी अश्लील चित्रेही 'सापडत'. हा शेवटचा डाव मला सर्वांत क्रूर वाटतो. ज्याच्या संगणकात असले काही नव्हते तोही मुलाबाळांसमोर शोभा होईल या भयाने कोणाला न विचारता गुपचूप ३९.९५ डॉलर भरून मोकळा होई.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २००८ मध्ये या कंपनीवर मेरीलँड राज्यातील संघीय न्यायालयात खटला भरला. फसलेल्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचे आयोगाने म्हटले. २०१२ मध्ये कंपनीच्या एका उपाध्यक्षेविरुद्ध १६ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक रकमेचा निकाल लागला आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला.

खटले चालू असता धंदा थांबला होता असे मात्र नाही. सप्टेंबर २००९ मध्ये खुद्द न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर वाचकांना अशीच खोटी चौकट दिसली. एका परिचित दूरध्वनी कंपनीच्या नावाने कोणी जाहिरातीची जागा घेतली होती. पुढच्या वर्षी मिनियापोलिसच्या स्टार ट्रिब्यूनवर तोच प्रसंग आला. तेथे एका हॉटेल कंपनीच्या नावाने बनावट जाहिरात-संस्थाच उभी केलेली होती, आणि जून २०११ मध्ये त्या प्रकरणी लॅटव्हिया देशात दोघांना अटक झाली. 'संशयास्पद संकेतस्थळांवर जाऊ नका' हा उपदेश आपण नेहमी ऐकतो. या वाचकांनी तर नित्याचे वर्तमानपत्रच उघडले होते. गूगलच्या संशोधकांनी तेरा महिन्यांत २४ कोटी पाने तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडला की, त्यांना आढळलेल्या घातक प्रोग्रॅमांपैकी पंधरा टक्के हे खोटे अँटीव्हायरस होते.

हे तोतये हिशेबाच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा येथील संशोधकांनी दाखवून दिले. अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरील नोंदी त्यांच्या हाती लागल्या होत्या. तिन्ही टोळ्यांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरांहून अधिक होती. ज्यांच्या संगणकात हा माल शिरला त्यांपैकी पैसे भरणारे शंभरातून दोघेच. पण संख्याच लाखांनी, तेव्हा दोन टक्केही पुरेसे होते. यापेक्षाही चकित करणारी नोंद अशी की, या टोळ्या काही गिऱ्हाइकांना पैसे परत देत असत! हे औदार्य नव्हे. क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांविषयी फार तक्रारी गेल्या, तर कार्ड कंपन्या त्या दुकानाचे खातेच बंद करतात. म्हणून तक्रारींचे प्रमाण मर्यादेच्या काठावर आले की परताव्याचा हात सैल होई आणि ते उतरले की पुन्हा मूठ आवळली जाई. धरणाची दारे पाण्याची पातळी पाहून उघडावी-मिटावी तसा हा प्रकार.

त्या धंद्याची नाडी अशी कार्डाच्या खात्यात होती, गिऱ्हाइकाच्या भोळेपणात तितकी नव्हती. मे २०११ मध्ये 'मॅकडिफेंडर' नावाचा खोटा अँटीव्हायरस मॅकिंटॉशवाल्यांसाठी खास बनून आला. ३१ मे रोजी ॲपलने त्यावर उतारा प्रसिद्ध केला आणि काही तासांतच तोतयांनी त्याला चुकविणारा नवा अवतार बाजारात आणला. संगणकाच्या विद्येने संगणकाच्या लबाडीला गाठण्याची ही शर्यत अशी कितीही काळ चालली असती. परंतु त्याच उन्हाळ्यात कार्डाचे व्यवहार करून देणारे मध्यस्थ हात आखडते घेऊ लागले, पोलिसांच्या धाडी पडल्या, आणि थोड्याच महिन्यांत खोट्या अँटीव्हायरसांची लाट ओसरली.

ओसरली ती त्या रूपात. येथून पुढचा इतिहास आपल्या घरचा आहे आणि तो सांगताना मान थोडी खाली घालावी लागते.

कार्डाचे खाते बंद झाले तर पैसे गिऱ्हाइकाकडूनच हातोहात कसे घ्यावयाचे? त्याच्याशी बोलून. आणि इंग्रजीत अदबीने, धीराने, तासन्‌तास दूरध्वनीवर बोलणारी तरुण मंडळी कोठे मिळतात, हे साऱ्या जगाला ठाऊक झालेले होते. आपल्या देशात परदेशी कंपन्यांची दूरध्वनी सेवा केंद्रे उभी राहिली, त्यांनी लक्षावधी तरुणांना प्रामाणिक रोजगार दिला, आणि त्यांच्याच सावलीत ही दुसरी केंद्रे उगवली. ऑक्टोबर २०१२ मध्ये संघीय व्यापार आयोगाने अशा सहा टोळ्यांवरील कारवाई जाहीर केली. त्यांतील बहुतेक भारतातून चालत होत्या. मायक्रोसॉफ्टकडून वा एखाद्या प्रसिद्ध अँटीव्हायरस कंपनीकडून बोलतो आहोत असे सांगून त्या ४९ पासून ४५० डॉलरांपर्यंत घेत.

आरंभी हे लोक आपण होऊन दूरध्वनी करीत. शंभर घरी घंटी वाजवावी तेव्हा एखादा सापडे. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की, खोट्या इशाऱ्याच्या जुन्या चौकटीतच दूरध्वनी क्रमांक घातला तर घाबरलेले गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने आपल्याकडे येते. न घाबरणारा फोनच करीत नाही, त्यामुळे वेळही वाया जात नाही. आजच्या चौकटीचे हे मूळ.

फोन केल्यावर जे नाटक होते त्यातील दोन प्रवेश सांगतो. एकदा कळले की पुन्हा कोणी फसू नये. पहिल्यात गिऱ्हाइकाला विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' हे दप्तर उघडावयास सांगतात. त्यात तांबड्या फुलीच्या आणि पिवळ्या खुणेच्या शेकडो नोंदी दिसतात. 'पाहा, हे सारे विषाणू!' वास्तविक ते संगणकाचे आवक-जावक पुस्तक आहे. एखादे छपाईयंत्र वेळेवर जागे झाले नाही, तरी तेथे नोंद होते. पूर्ण निरोगी संगणकातही अशा नोंदी असतातच. दुसरा प्रवेश अधिक बेमालूम आहे. बोलणारा म्हणतो, 'मी खरोखर कंपनीतूनच बोलतो आहे याची खात्री पटवितो. तुमच्या संगणकाचा गुप्त ओळख क्रमांक माझ्याकडे आहे.' तो एक आज्ञा टंकावयास सांगतो आणि पडद्यावर येणारा अक्षरांकांचा लांबलचक क्रमांक आधीच वाचून दाखवितो. क्रमांक तंतोतंत जुळतो, गिऱ्हाईक थक्क होते. खरी गोष्ट अशी की, तो क्रमांक विंडोजमधील एका अंतर्गत भागाचा असून जगातील सर्व विंडोज संगणकांत एकच आहे. एखाद्याने आपले आडनाव ओळखले म्हणून विश्वास ठेवावा आणि मागाहून कळावे की, सबंध गावाचे आडनाव तेच आहे, तसे हे झाले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीलगतच्या गुरुग्राम व नोएडा येथे पोलिसांनी दोन दिवसांत अशा सोळा केंद्रांवर धाडी घातल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र–२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. परदेशी नागरिकांना संगणक-दुरुस्तीच्या नावाने लुबाडणारी केंद्रे तीत होती. महाराष्ट्राचे हातही कोरडे नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील केंद्रांवर छापा घालून सुमारे सत्तर जणांना अटक केली व शेकडोंना ताब्यात घेतले. तेथे विषाणूची नव्हे, तर अमेरिकेच्या आयकर खात्याची भीती विकली जात होती. माल वेगळा असला तरी पेठ एकच.

हे सारे लबाडांचे झाले. पण खरा आणि खोटा यांतील रेघ नेहमी इतकी ठळक नसते. 'ऑफिस डेपो' ही अमेरिकेतील कचेरीच्या सामानाची नामांकित दुकानसाखळी. तिच्या दुकानांत संगणकाची फुकट तपासणी होई. तपासणीपूर्वी गिऱ्हाइकाला चार गोष्टी विचारीत. संगणक मंद चालतो का, मध्येच बंद पडतो का, विषाणूचे इशारे दिसतात का, नको त्या चौकटी उघडतात का. यांपैकी एकीवर जरी खूण केली तरी तपासणीचा प्रोग्रॅम 'घातक प्रोग्रॅमची लक्षणे आढळली' असा निष्कर्ष देई, मग आत काहीही सापडो वा न सापडो. त्यावरून शेकडो डॉलरांची दुरुस्ती गळ्यात मारली जाई. हे नोव्हेंबर २०१६ पर्यंत चालले. मार्च २०१९ मध्ये त्या कंपनीने व तिच्या साहाय्यक कंपनीने मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. येथे तोतया कोणीच नव्हता. दुकान खरे, पाटी खरी, विक्रेता खरा. तपासणी तेवढी खोटी होती.

म्हणून आम्ही कचेरीत जो नियम पाळतो तोच घरीही लावावा असे मला वाटते. संशयास्पद आदेश हाती आला तर त्यावर छापलेल्या क्रमांकाला फोन करून 'हा खरा का?' असे विचारावयाचे नसते. ज्या कार्यालयाच्या नावाने तो आला त्याचा पत्ता आपल्या जवळच्या सूचीतून काढून तेथे विचारावयाचे असते. तोतयाला त्याच्याच साक्षीदारांकरवी पारखता येत नाही. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे की, आपल्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. तेव्हा चौकटीत क्रमांक दिसला की पुढचे वाचण्याचे कारण उरत नाही.

चौकट दिसली तर तिच्यातील कोणत्याही बटणाला हात लावू नये. तिच्या कोपऱ्यातील बंद करण्याची फुलीसुद्धा पुष्कळदा चित्राचाच भाग असते. पान सबंध पडदा व्यापून बसले असेल तर एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी. विंडोजमध्ये ऑल्ट आणि एफ-४ या कळा एकदम दाबल्या असता बहुधा खिडकी मिटते. तरी न मिटल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळांनी टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. तेही न साधले तर सरळ संगणक बंद करावा. 'बंद करू नका' या धमकीत काही अर्थ नाही. पुन्हा ब्राउझर उघडताना 'मागील पाने परत आणू का?' असे तो विचारील, त्याला नकार द्यावा. चौकटी कोपऱ्यात वारंवार उगवत असतील तर पूर्वी केव्हातरी एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठविण्याची परवानगी अनवधानाने दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स' येथे जाऊन ती काढून घेतली की उपद्रव थांबतो. यानंतर आपल्याजवळ असलेल्या खऱ्या विषाणूनाशकाने एकदा पूर्ण तपासणी करावी. विंडोजमध्ये ते आधीच बसविलेले असते, विकत घ्यावे लागत नाही.

फोन केला गेला असेल आणि त्या माणसाला संगणकात शिरू दिले असेल, तर प्रकार अधिक गंभीर समजावा. इंटरनेटची जोडणी तत्काळ तोडावी. त्याने बसविलेला दूरनियंत्रणाचा प्रोग्रॅम काढून टाकावा. बँकेचे व टपालाचे संकेतशब्द त्या संगणकावरून नव्हे, दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि पासबुकावरील क्रमांकावर बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्याच घटकेस फोन करावा, उद्यावर टाकू नये. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असताना वाटेतच ती अडविता यावी, याच हेतूने ही योजना आखलेली आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-ड या कलमाखाली संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील इंदूर, बडोदा वा सोलापूर येथे एकटे असतात आणि मुले नोकरीनिमित्त दूरच्या शहरी. त्यांना या गोष्टी दूरध्वनीवर समजावून सांगण्यापेक्षा १९३० आणि बँकेचा क्रमांक कागदावर ठळक लिहून पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवणे अधिक उपयोगी पडते. आणि फसगत झालीच तर त्यांच्यावर रागावू नये. फसलेला मनुष्य गप्प बसतो तो लाजेने, आणि तोतयाचे पुष्कळसे काम ती लाजच करीत असते.

गेलेला पैसा उशिरा परत मिळण्याचे प्रमाण काय असते, याचा अंदाज इनोव्हेटिव्ह मार्केटिंगच्याच प्रकरणावरून येतो. त्यातील एका आरोपीशी झालेल्या तडजोडीतून व्यापार आयोगाने डिसेंबर २०११ मध्ये सुमारे ३ लाख २० हजार लोकांना धनादेश धाडले. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी वीस डॉलर आले. माल ३९.९५ डॉलरांना वा त्याहून अधिक किमतीला विकला गेला होता आणि खटला दाखल होऊन तोवर तीन वर्षे उलटली होती.